गाळलेलं मधलं पद : इंग्रजी जोडशब्द चेकमध्ये नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे छत्रपती संभाजीनगरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. दीड वर्षापासून चेक भाषा शिकत आहेत, आणि आता कारखान्याची इंग्रजी सुरक्षा-पुस्तिका चेकमध्ये नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. त्यांनी ‘फायर’ने सुरू होणाऱ्या शब्दांची यादी केली : फायरमन, फायरवुड, फायरप्लेस, फायरवॉल, फायरप्रूफ, फायर डोअर, फायर एक्झिट, फायरवर्क्स, फायरआर्म, फायरफ्लाय. कोशात प्रत्येकाला निराळाच चेक शब्द सापडला. ‘फायर म्हणजे ओहेन्य’ हे पहिल्या महिन्यात पाठ केलं होतं, पण यादीत तो ‘ओहेन्य’ जवळपास कुठेच नाही. ते विचारतात, की पाठांतर सोडून दुसरी काही वाट आहे का?

आहे. आणि ती तुम्ही आठवी-नववीच्या व्याकरणाच्या तासाला एकदा चालून आलेला आहात. मध्यमपदलोपी समास आठवा. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. ‘घालून केलेला’ हे मधलं पद आपण गाळतो, ऐकणाऱ्याला ते आपोआप कळतं. इंग्रजी जोडशब्द बहुतांशी याच जातीचे. फायरवुड म्हणजे जाळण्यासाठीचं लाकूड. फायरमन म्हणजे आग विझवणारा माणूस. फायर एक्झिट म्हणजे आग लागली तर बाहेर पडायचं दार. जाळणं, विझवणं, संकटात बाहेर पडणं, ही सगळी पदं इंग्रजीने गाळली आणि दोन नामं नुसती शेजारी ठेवली.

चेक भाषेला हे चालत नाही. तिला ते गाळलेलं पद परत हवं असतं, आणि ते मिळालं की पुष्कळदा ती पहिलं पदच सोडून देते. फायरमन म्हणजे ‘हासिच’. हा शब्द ‘हासित’, म्हणजे विझवणं, या क्रियापदापासून झाला. त्यात आग नाही आणि माणूसही नाही. फक्त विझवणं आहे आणि ते करणाऱ्याचा प्रत्यय आहे. फायरवुड म्हणजे ‘पालिवोवे द्र्झीवी’, इंधनाचं लाकूड. फायरआर्म म्हणजे ‘स्त्र्झेल्ना झ्ब्रान्य’, झाडण्याचं शस्त्र. फायर एक्झिट म्हणजे ‘नोउझोवी वीखोद’, अडचणीच्या वेळचं दार. म्हणून तुम्हाला यादीत ‘ओहेन्य’ दिसत नाही. (चेक शब्द मी कानाला लागतात तसे लिहिते आहे. ‘र्झ’ जिथे लिहिला आहे तिथे त्यांचा तो प्रसिद्ध, र आणि झ एका दमात म्हणायचा वर्ण आहे. तो ऐकूनच शिकावा लागतो.)

तेव्हा प्रत्येक जोडशब्दापुढे आधी मराठीत विग्रह, म्हणजे गाळलेल्या पदासकट त्याची फोड, लिहा. कोश त्यानंतर उघडा. मी तेवीस वर्षं इंग्रजीतून चेकमध्ये तांत्रिक मजकूर नेते आहे आणि अजूनही अनोळखी शब्द आला की कागदाच्या कडेला मराठी विग्रह लिहिते. हे का करायला लागले, तेही सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत वाफेच्या इंजिनावरची एक छोटी माहितीपत्रिका माझ्याकडे आली होती. प्रवाशांसाठीचा मजकूर, चार पानं. त्यात वाक्य होतं की इंजिनावर ड्रायव्हर आणि फायरमन असे दोघं उभे राहत. मी ‘हासिच’ लिहून मोकळी झाले. मजकूर तपासणारे गृहस्थ चेक रेल्वेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी त्या शब्दाखाली रेघ मारली आणि कागदाच्या कडेला एवढंच लिहिलं : ‘हा माणूस आग विझवत नाही. तो तिला मरू देत नाही.’ इंजिनावरचा फायरमन म्हणजे ‘तोपिच’. ‘तोपित’ म्हणजे भट्टी पेटती ठेवणं, ऊब देणं. एकाच इंग्रजी शब्दाचे दोन विग्रह, आणि दोघांची कामं एकमेकांच्या उलट. मराठी माणसाला हे कळायला हवं होतं, कारण आपल्याकडे रेल्वेतला ‘फायरमन’ आणि ‘बंबवाला’ हे कधीच एक नव्हते. मी विग्रह केला असता तर चूक झाली नसती.

आता ‘ओहेन्य’बद्दल. हा शब्द आपल्या ‘अग्नी’चा सख्खा नातलग आहे, लॅटिन ‘इग्निस’ही त्याच घरातला. पण चेकमध्ये आगीचे दोन शब्द आहेत आणि सुरक्षा-पुस्तिकेत तुम्हाला मुख्यतः दुसरा लागणार आहे. ‘ओहेन्य’ म्हणजे माणसाने पेटवलेला, आटोक्यातला विस्तव : चुलीतला, शेकोटीतला. ‘पोझार’ म्हणजे लागलेली आग, जी घर खाते. मराठीतही आपण ‘विस्तव लागला’ म्हणत नाही, ‘आग लागली’ म्हणतो. प्रागचं राष्ट्रीय नाट्यगृह ११ जून १८८१ ला पहिल्यांदा उघडलं आणि १२ ऑगस्टला जळालं. लोकांनी पुन्हा पैसा उभा केला आणि १८ नोव्हेंबर १८८३ ला ते परत सुरू झालं. त्या घटनेचं नाव चेक माणसाच्या तोंडी कायम ‘पोझार’ असतं, ‘ओहेन्य’ कधीच नाही. उलट उन्हाळ्यात काठीला सॉसेज टोचून ते ज्यावर भाजतात, तो ‘ओहेन्य’; आणि ती जागा ‘ओह्निश्त्ये’.

या शेवटच्या ‘इश्त्ये’कडे नीट बघा. हा जागेचा प्रत्यय आहे. विमान उडतं ती जागा ‘लेतिश्त्ये’, गाड्या लावायची जागा ‘पार्कोविश्त्ये’, खेळायची जागा ‘ह्र्झिश्त्ये’. इंग्रजीत एअरपोर्ट, पार्किंग लॉट, प्लेग्राउंड असे तीन वेगवेगळे जोडशब्द आहेत. चेकमध्ये एकच प्रत्यय तिघांचं काम करतो. घरातल्या भिंतीतली फायरप्लेस मात्र ‘कृब’. तो स्वतंत्र शब्द आहे, त्याला विग्रह लागत नाही, तो पाठच करा. (त्यातला ‘ऋ’ खराखुरा आहे. मधे स्वर घालू नका. ‘बृनो’ शहराचं नावही तसंच.)

पुस्तिकेत ‘पोझार’पासून झालेलं विशेषण ‘पोझार्नी’ तुम्हाला पानोपानी लागेल. ‘पोझार्नी ह्लासिच’ म्हणजे आगीची सूचना देणारं यंत्र. ‘पोझार्नी पोप्लाख’ म्हणजे वाजणारा इशारा. इंग्रजीत दोन्हींना ‘फायर अलार्म’च म्हणतात. पुस्तिकेत ‘फायर अलार्म दर महिन्याला तपासा’ असेल तिथे पहिला, आणि ‘फायर अलार्म झाल्यावर इमारत सोडा’ असेल तिथे दुसरा. विझवण्याचा सिलिंडर मात्र ‘हासित्सी प्र्झीस्त्रोय’ आहे, कारण तिथे क्रिया विझवण्याची आहे.

सगळ्यांत जास्त वेळ ‘फायरप्रूफ’वर द्या. इथे चुकीचा शब्द म्हणजे नुसती भाषेची चूक राहत नाही, तो खोटा दावा होतो. इंग्रजी शब्द ढोबळ आहे : आगीपासून सुरक्षित. पण कसा? वस्तू पेटतच नाही? पेटते पण आपोआप विझते? की तिच्या आत ठेवलेलं काही काळ वाचतं? चेकमध्ये या तिन्हींना वेगळे शब्द आहेत. पेटत नाही ती ‘नेहोर्झ्लावी’. ज्वाला बाजूला केली की स्वतः विझते ती ‘सामोझ्हाशिवी’. कागदपत्रांची तिजोरी, जी आगीला तोंड देऊन उभी राहते, ती ‘ओह्निव्झ्दोर्नी’. यातला ‘व्झ्दोर’ म्हणजे विरोध, हट्ट. भट्टीच्या आतल्या विटांसारखं नुसत्या प्रचंड उष्णतेला टिकणारं काही असेल तर ‘झारुव्झ्दोर्नी’, म्हणजे धगीला पुरून उरणारं. आता समजा सीटच्या कापडाला इंग्रजीत कुणी सैलपणे ‘फायरप्रूफ’ लिहिलं आहे आणि तुम्ही कोशातला पहिला शब्द म्हणून ‘नेहोर्झ्लावी’ लिहिलंत. तुम्ही लेखी सांगितलंत की हे कापड पेटतच नाही. ते पेटतं. अशा वेळी अभियंत्याला विचारा, चाचणीचा कागद मागा. मी अशा एका शब्दासाठी दोन दिवस काम थांबवलं आहे आणि पुन्हा थांबवीन.

‘फायरवॉल’चे तीन विग्रह होतात. इमारतीत आग पलीकडे जाऊ न देणारी भिंत, तिला ‘पोझार्नी स्त्येना’. संगणकात तो शब्द जसाच्या तसा घेतला आहे, ‘फायरवॉल’ म्हणूनच तो चालतो आणि चेक विभक्ती लावून घेतो. तिसरा तुमच्या कामाचा : गाडीत इंजिन आणि माणसं बसतात ती जागा यांच्यामधला पत्रा. तिथे ना भिंत लिहायची ना संगणकाचा शब्द. ‘प्र्झेपाश्का’, म्हणजे आडवी घातलेली फळी किंवा पडदी, आणि कशाची ते सांगायचं : इंजिनकक्षाची. चित्र समोर नसेल तर हा शब्द हातात घेऊ नका.

इंजिनाच्या प्रकरणात ‘मिसफायर’ येईल. तिथे आग, बंदूक, काहीही मनात आणू नका. सिलिंडरमध्ये ठिणगीने पेट घ्यायला हवा तो चुकला, एवढाच अर्थ. चेक मेकॅनिक त्याला ‘विनेखावानी झापालोवानी’ म्हणतो, म्हणजे पेटवणं अधूनमधून गळणं.

आता थोडं घडणीबद्दल, कारण एकदा साचा कळला की निम्मी यादी आपोआप सुटते. चेकमध्ये जोडशब्द पोहोचतो तो बहुधा तीन रूपांत. पहिलं रूप विशेषण आणि नाम. इथे मराठी माणसाला मोठी सोय आहे, जी इंग्रजीतून थेट विचार करणाऱ्याला नसते. इंग्रजीत ‘किचन टेबल’, ‘किचन डोअर’. ‘किचन’ हलत नाही. आपल्याकडे स्वयंपाकघराचा, स्वयंपाकघराची, स्वयंपाकघराचं, असं मागच्या नामाच्या लिंगाप्रमाणे रूप बदलतं. चेकमध्ये अगदी तेच : ‘कुखिन्यस्की’, ‘कुखिन्यस्का’, ‘कुखिन्यस्के’. त्यांच्याकडेही तीन लिंगं, आणि विभक्त्या सात. ‘पोझार्नी’सारखी काही विशेषणं तिन्ही लिंगांत सारखी दिसतात, त्यामुळे तुम्हाला पुस्तिकेत थोडी विश्रांती मिळेल.

दुसरं रूप प्रत्ययाचं, ते वर पाहिलं. ‘ग्रीनहाउस’ हे त्याचं आणखी चांगलं उदाहरण. इंग्रजीने रोपांचा हिरवा रंग पाहिला, चेकने भिंतीची काच पाहिली. ‘स्क्लो’ म्हणजे काच, म्हणून ‘स्क्लेनीक’. हरितगृह वायू हे आपलं मराठी भाषांतर इंग्रजीच्या वाटेने गेलं. चेक वर्तमानपत्रात मात्र तोच वायू काचघराचा असतो : ‘स्क्लेनीकोवी प्लिन’. तिथे हिरवा शब्द घातलात तर वाचणाऱ्याला काही बोध होणार नाही.

तिसरं रूप शब्दयोगी किंवा षष्ठीचं, आणि यावर मला जरा थांबायचं आहे. मराठीत ‘चहाचा कप फुटला’ आणि ‘चहाचा कप प्यायलो’ या दोन्हींत शब्द तेच. वेगळेपण क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत ‘टीकप’ आणि ‘कप ऑफ टी’. चेकमध्ये भांडं असेल तर ‘शालेक ना चाय’, चहासाठीचा कप. आत चहा असेल तर ‘शालेक चाये’, षष्ठी. (चहाला ते ‘चाय’च म्हणतात, हे ऐकून प्रागच्या पहिल्या सकाळी मला केवढं बरं वाटलं होतं.) तुमच्या पुस्तिकेत हेच रूप ‘ऑइल कॅन’ला लागेल. रिकामा डबा ठेवायची जागा सांगितली आहे की तेलाने भरलेला डबा दूर ठेवायला सांगितलं आहे, हे आधी पाहा. सुरक्षेच्या मजकुरात तेवढ्या एका शब्दयोगीवर बरंच काही अवलंबून असतं.

या तिघांच्या बाहेर खरे जोडशब्दही आहेत, आपल्या तत्पुरुषासारखे, मधे ‘ओ’ घालून सांधलेले. ‘वोदा’ म्हणजे पाणी. हाही ‘उदक’च्या घरातला. त्यावरून धबधबा ‘वोदोपाद’, पाण्याचं पडणं. कागदातली पाणखूण ‘वोदोझ्नाक’. गवंड्याची पाणसळ ‘वोदोवाहा’, पाण्याचा तराजू. मोजण्याची उपकरणं तर सरसकट अशी : उष्णतेचं ‘तेप्लोम्न्येर’ (‘तेप्लो’ आणि आपला ‘ताप’ एकाच मुळाचे), दाबाचं ‘त्लाकोम्न्येर’, वेगाचं ‘रिख्लोम्न्येर’, फेऱ्यांचं ‘ओताच्कोम्न्येर’. तापमापक, दाबमापक, वेगमापक असे शब्द लिहिणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तुमच्या यादीतलं ‘फायरवर्क्स’ इथेच बसतं : ‘ओह्न्योस्त्रोय’. ‘ओह्निव्झ्दोर्नी’नंतर इथे पुन्हा तुमचा ‘ओहेन्य’ सापडला! ‘स्त्रोय’ म्हणजे आज यंत्र, पण म्हणून हे ‘अग्नियंत्र’ नव्हे. ‘स्त्रोयित’ म्हणजे सजवणं, मांडामांड करणं. आपल्या ‘शोभेची दारू’शी याचं चांगलं जमतं.

‘वॉटरशेड’ तुमच्या पुस्तिकेत नाही, पण पुढे कधी पर्यावरणाचा मजकूर आला तर फसाल, म्हणून सांगते. ब्रिटिश लेखक त्याने दोन नद्यांची खोरी वेगळी करणारी कड सांगतो. अमेरिकन लेखक आणि महाराष्ट्रातले पाणलोट विकासाचे कार्यकर्ते त्यानेच सगळं पाणी एका ओढ्याला देणारं क्षेत्र सांगतात. चेकमध्ये कड म्हणजे ‘रोझ्वोदी’ आणि क्षेत्र म्हणजे ‘पोवोदी’. चेक-पोलिश सीमेवर क्लेपाच नावाचा डोंगर आहे. त्याच्या उतारांवर पडणारा पाऊस तीन वाटांनी उत्तर समुद्राला, बाल्टिकला आणि काळ्या समुद्राला जातो. तो डोंगर ‘रोझ्वोदी’. त्याला ‘पोवोदी’ म्हणालात तर अर्थ उलटा होतो.

कधी कधी विग्रह बरोबर करूनही चेक शब्द निराळा निघतो, कारण पाहणाऱ्याला दुसराच प्राणी दिसलेला असतो. आट्यांचा दांडा फिरून दातेरी चाक फिरवतो ते ‘वर्म गिअर’. इंग्रजाला त्यात अळी दिसली. चेकला गोगलगाय, ‘श्नेक’, तीही जर्मन शेजाऱ्याकडून आलेली. सुताराच्या ‘डव्हटेल’ सांध्यात इंग्रजाला पारव्याची शेपटी दिसते. चेक सुतार त्याला ‘रिबिना’ म्हणतो, आणि ‘रिबा’ म्हणजे मासा. इथे तर्काने काही हाती लागत नाही. असे शब्द कारखान्यातल्या माणसाकडूनच घ्यावे लागतात, म्हणून तुमच्या चेक सहकाऱ्याला चित्र पाठवा आणि ‘याला काय म्हणता’ एवढंच विचारा. इंग्रजी शब्द सांगू नका. सांगितलात तर तो सौजन्याने त्याचंच भाषांतर करून देईल.

साधनांबद्दल दोन गोष्टी. द्विभाषिक कोशापेक्षा समांतर मजकूर, म्हणजे मूळ आणि त्याचं भाषांतर शेजारी ठेवलेलं, जास्त विश्वासाचा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात चेक राष्ट्रीय भाषासंग्रह सांभाळला जातो. त्यातला इंटरकॉर्प हा समांतर संग्रह आणि त्यावर चालणारं ‘त्रेक’ हे साधन एखाद्या इंग्रजी शब्दासाठी भाषांतरकारांनी खरोखर काय काय वापरलं ते मोजून दाखवतं. आणि चेक प्रजासत्ताक २००४ साली युरोपीय संघात गेल्यापासून संघाचे कायदे चेकमध्येही निघतात. यूरलेक्स या संघाच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर इंग्रजी आणि चेक शेजारी-शेजारी उघडता येतात. आगीची सुरक्षा, यंत्रं, वाहनं या विषयांना मी आधी तिथे जाते.

‘फायर डोअर क्लोजिंग डिव्हाइस’ तुम्हाला अडला होता. शेवटून सुरुवात करा, कारण इंग्रजीत धनी शेवटी बसतो. उपकरण. कशाचं? बंद करणारं. काय बंद करणारं? दारं. कसली दारं? आग अडवणारी. म्हणजे : आग अडवणारी दारं बंद करणारं उपकरण. चेकमध्ये ‘बंद करणारा’ एका प्रत्ययात मावतो, ‘झावीराच’. बाकीचं षष्ठीत मागे जातं : ‘झावीराच पोझार्नीख द्वेर्झी’. सहा मराठी शब्दांचं काम तीन शब्दांत झालं, आणि ‘उपकरण’ लिहावंही लागलं नाही. लक्षात असू द्या की दार हा शब्द चेकमध्ये कायम अनेकवचनी आहे, एकच दार असलं तरी.

यादीतला शेवटचा शब्द फायरफ्लाय. सुरक्षा-पुस्तिकेत तो कसा आला हे मला समजलं नाही. बहुधा तुम्ही कुतूहलाने लिहिला असावा, आणि ते मला आवडलं. काजव्यात आग नाही, आणि तो माशीही नाही, भुंग्यांच्या कुळातला किडा आहे. चेकमध्ये तो ‘स्व्येत्लुश्का’. ‘स्व्येत्लो’ म्हणजे उजेड, आणि पुढे लाडाचा प्रत्यय : छोटीशी उजेडवाली. चेक रेडिओच्या निधीतून अंध आणि कमी दिसणाऱ्या माणसांसाठी मदतीचं एक काम चालतं, त्याचं नावही ‘स्व्येत्लुश्का’च आहे.

पुस्तिकेचं पहिलं प्रकरण झालं की विग्रहांच्या कागदासकट पाठवा. आधी मी विग्रह वाचेन, चेक नंतर.